नेट येतं, जात नाही

शेतातून फोटो पाठवायला कोणत्या कंपनीचं कार्ड चांगलं, हा प्रश्न नगर जिल्ह्यात चारचौघांत विचारायचा नसतो. विचारायचाच झाला तर जेवण उरकून विचारावा, कारण उत्तर उभ्या उभ्या मिळत नाही. इथं कंपनीची बाजू कारखान्याच्या निवडणुकीतल्या पॅनलसारखी घेतली जाते. स्वतःचं त्यात फार काही भलं झालेलं नसतं, पण समोरचं पॅनल कसं बुडवणार आहे हे तोंडपाठ असतं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. आम्ही पूर्वीही नुसतं ‘नगर’च म्हणायचो, आताही तेच म्हणतो. पाट्या बदलायचा खर्च सरकारला आला, आम्हाला जिभेचाही आला नाही.)

आमचं गाव पारनेर तालुक्यात. माझा पुण्याचा मेहुणा एकदा सुट्टीला आला आणि त्यानं सांगितलं की कार्ड घेण्याआधी कंपनीचा कव्हरेजचा नकाशा पाहावा. आम्ही पाहिला. नकाशात आमचं गाव रंगलेलं होतं. गावच काय, ओढा, गायरान, स्मशानभूमी, एवढंच कशाला, माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, विहिरीचा तळसुद्धा रंगलेला होता. दुसऱ्या कंपनीचा नकाशा उघडला, तोही पूर्ण रंगलेला. तिसरीचाही. म्हणजे कागदोपत्री आमच्या गावात उभं राहायलासुद्धा जागा नाही इतकं नेट आहे. मेहुण्याला हा नकाशा दाखवायला आम्हाला त्याला गाडीवर बसवून घाटाच्या तोंडापर्यंत न्यावं लागलं, कारण घरात तो उघडत नव्हता.

गावात कंपन्यांना त्यांच्या नावानं कोणी ओळखत नाही. जिथं जिची रेंज मिळते त्या जागेवरून तिची ओळख. एक टाकीवरची, एक लिंबाखालची, एक शाळेमागची आणि चौथी घाटातली. सोयरीक ठरवतानाही माहिती याच भाषेत दिली जाते. “पोरगा नगरला एमआयडीसीत आहे, कार्ड टाकीवरचं आहे.” म्हणजे त्याला फोन लावायचा तर पाण्याच्या टाकीचा जिना चढावा लागेल, ही पूर्वकल्पना मुलीकडच्यांना आलेली बरी. लिंबाखालची कंपनी त्यातल्या त्यात सभ्य. लिंबाच्या एका फांदीला आमच्या वहिनींनी दोरी बांधून ठेवली आहे. फोन पिशवीत घालायचा, हॉटस्पॉट चालू करायचा, दोरी ओढायची आणि खाली दुसरा फोन घेऊन बसायचं. वरचा फोन नेट धरतो, खालचा वापरतो. ही सोय कोणत्याही कंपनीच्या दुकानात मिळत नाही. पावसाळ्यात मात्र पिशवी बदलावी लागते.

आता कोणी म्हणेल, शेतकऱ्याला शेतातून फोटो पाठवायची एवढी काय हौस? हौस त्याची नाही, सरकारची आहे.

पूर्वी पीक पाहणी हे तलाठ्याचं काम होतं. (तलाठ्याचंही नाव बदललं, आता ते ग्राम महसूल अधिकारी आहेत. पण चावडीत “भाऊसाहेब आहेत का?” एवढं विचारलं की दोन्ही पदं एकदम हजर होतात.) भाऊसाहेबांनी शेतोशेत फिरावं, कोणत्या गटात काय उभं आहे ते पाहावं आणि गाव नमुना बारामध्ये लिहावं, असा नियम. एका सज्जाला गावं किती आणि भाऊसाहेबांना पाय किती, हे लक्षात घेता ही पाहणी पुष्कळदा चावडीतूनच व्हायची. त्यामुळे कित्येकांच्या सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं बाजरी डोलत असायची आणि शेतात डाळिंब असायचं.

यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. आपल्या पिकाचा फोटो आपणच काढायचा, कधी पेरलं, किती क्षेत्र, पाणी कशाचं ते आपणच भरायचं आणि आपणच पाठवायचं. पुढे ठरलं की शेतकऱ्यानं भरलेलं खरं मानायचं, त्यातलं दहा टक्के अधिकाऱ्यांनी तपासायचं, चूक झाली तर ४८ तासांत शेतकऱ्यानंच दुरुस्त करायची. कल्पना खरोखर चांगली आहे, हे मी मनापासून म्हणतो. शेतकऱ्यावर इतका विश्वास महसूल खात्यानं ब्रिटिशांच्या काळापासून कधी टाकला नव्हता. योजना आली तेव्हा महसूलमंत्री होते संगमनेरचे बाळासाहेब थोरात. पुढच्या वर्षी अ‍ॅपची सुधारित आवृत्ती आली आणि त्याच सुमारास खातं गेलं लोणीच्या राधाकृष्ण विखे पाटलांकडे. राज्याचं महसूल खातं लागोपाठ दोनदा आमच्याच जिल्ह्यात. पण टॉवरचं खातं पडलं दिल्लीत, त्यामुळे रेंजला कुणाचा वशिला लागत नाही.

आणि हा फोटो न पाठवून चालत नाही. २०२३ मध्ये कांद्याचे भाव पडले, क्विंटलमागे ३५० रुपयांचं अनुदान जाहीर झालं आणि पहिला प्रश्न आला की सातबाऱ्यावर कांद्याची नोंद आहे का? कांदा चाळीत होता, मार्केटात होता, आमच्या अंगाला त्याचा वास होता. सातबाऱ्यावर नव्हता. त्या वर्षापासून आमच्या गावात कांद्याचे जितके फोटो काढले गेले तितके एखाद्या नवरीचेही निघाले नसतील.

फोटो काढण्यात एक गंमत आहे. सुधारित अ‍ॅपमध्ये प्रत्येक गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश भरलेले आले. तुम्ही फोटो काढता त्या जागेपासून मध्यबिंदू किती लांब आहे ते अ‍ॅप दाखवतं आणि फार लांब असाल तर हटकतं. बाजरी-मुगाच्या रानात मध्यापर्यंत जाणं सोपं. पण राहुरी, श्रीरामपूर, राहाता या पट्ट्यात रान म्हणजे ऊस. खरिपाच्या पाहणीच्या दिवसांत आडसाली ऊस माणसाच्या डोक्यावरून गेलेला असतो. त्याच्या मध्यबिंदूपाशी जायला पायवाट नसते. शिवाय तिथं आधीच कोणीतरी राहत असण्याची शक्यता असते, आणि त्या रहिवाशाच्या अंगावर ठिपके असतात. माझ्या मामांनी राहुरीकडे या कामासाठी मुलाला पाठवलं, मुलानं सालगड्याला सांगितलं, सालगड्यानं “आधी डबा वाजवून येतो” म्हणून जो पोबारा केला तो संध्याकाळी चहाला उगवला. शेवटी मामांनी बांधावरूनच फोटो काढला. फोटोत ऊस आणि मामांचा चेहरा दोन्ही सारखेच हिरवे आले आहेत.

आमच्याकडे बिबट्याची धास्ती कमी, बांधाची जास्त. तात्यांचा आणि शेजारच्या अण्णांचा बांधाचा वाद मी शाळेत होतो तेव्हापासून चालू आहे. तात्या फोटो काढायला आपल्या कडेला, बांधाच्या चार पावलं आत उभे राहिले. अ‍ॅप म्हणालं, तुम्ही गटापासून लांब आहात. तात्यांना कमी दिसतं म्हणून त्यांनी नातवाकडून ते मोठ्यानं वाचून घेतलं. पलीकडे अण्णा कांद्याला खुरपत होते.

“ऐकलं का?” अण्णा उठून उभे राहिले. “मी बोंबलू राहिलो तर तुम्ही मला येडा म्हणायचे. आता तर सरकारच म्हणू राहिलं, तुम्ही लांब आहात.”

“आरं, त्याला रेंज नाय म्हणून ते तसं बोलतंय.”

“रेंज नाय तर लांब आहात म्हणाया कसं येतं त्याला?”

हा प्रश्न अण्णांनी रागात विचारला, पण तो बरोबर होता. जागा सांगणारी यंत्रणा आणि फोटो पाठवणारी यंत्रणा वेगळी. जागा कळते ती उपग्रहांवरून. ते वीस हजार किलोमीटरवर फिरत असतात आणि त्यांना आमच्या रिचार्जशी देणं-घेणं नसतं. फक्त त्यांची माहिती उतरते फार सावकाश, सेकंदाला अवघे ५० बिट. नेट असेल तर फोन ती माहिती आधीच मागवून घेतो आणि जागा चटकन सापडते. नेट नसेल तर मोकळ्या आभाळाखाली फोन धरून थांबायचं. आता अडचण बघा. उपग्रहाला मोकळं आभाळ लागतं, म्हणून झाडापासून लांब उभं राहायचं. टॉवरला उंची लागते, म्हणून झाडावर चढायचं. एका फोटोसाठी दोन्ही हवं. आमच्या गावातला तरुण शेतकरी या दिवसांत लिंब आणि माळ यांच्यामध्ये पळताना दिसतो. पाहुण्यांना वाटतं पोरगं पोलीस भरतीची तयारी करतंय.

मुख्य अडचण तर याच्याही पुढची आहे. फोनवर टॉवरच्या काड्या दिसतात. भरपूर दिसतात. त्याच जागी उभं राहून नातू क्रिकेटची मॅच बघतो, सून रेसिपी बघते, तात्या कीर्तन ऐकतात. फोटो पाठवायला घेतला की गोल फिरायला लागतं आणि फिरतच राहतं. तात्यांचं म्हणणं असं की कंपनीनं मुद्दाम अडवलंय. कंपनीनं तसं काही केलेलं नसतं. टॉवर बोलतो दहा-वीस, कधी चाळीस वॅटच्या ताकदीनं. आपला फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॅटनं, म्हणजे वॅटच्या पाचव्या हिश्श्यानं. त्यांचं बोलणं आपल्यापर्यंत खणखणीत पोचतं, आपलं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. फोनवरच्या काड्या फक्त पहिली बाजू मोजतात. हे मी तात्यांना समजावलं तर ते म्हणाले, “मग यात नवीन काय? मंत्रालयाचं असंच हाये.”

शिवाय कंपन्यांनी रस्ताच असा बांधलाय की येणाऱ्याला सगळी रुंदी आणि जाणाऱ्याला कडेची पायवाट. त्यांचाही दोष नाही. देशानं जे मागितलं ते त्यांनी दिलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा फुकट झाला आणि मग स्वस्त झाला, तेव्हा आपण सगळ्यांनी जे केलं ते बघायचं काम होतं. सिनेमा बघितला, भाषणं बघितली, दुसऱ्यांची लग्नं बघितली. खेड्यातल्या माणसाकडून काही वर पाठवलं जाईल, असा कोणाचा अंदाजच नव्हता. जाहिरातीत जो वेग सांगतात तो उतरवून घेण्याचा असतो. चढवण्याचा वेग सांगणारी जाहिरात मी तरी पाहिलेली नाही. आणि मग एके दिवशी सरकारनं आमच्या हातात कॅमेरा देऊन सांगितलं, आता तुम्ही दाखवा, आम्ही बघतो.

लहरींचाही एक हिशेब आहे. ७००, ८००, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतून आत शिरतात. दोन-अडीच हजारांच्या वरच्या लहरी माल भरपूर वाहतात पण दम लवकर लागतो. ५जीचा गाजावाजा झाला तो मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर. सावेडीत आणि माळीवाड्यात ठीक, घाट चढून पारनेरच्या रानात यायची त्या लहरीची तयारी नसते. त्यातून पाऊस पडून गेल्यावर ऊस, मका, झाडं पाण्यानं भरलेली असतात आणि ओल्या पानांत लहरी जिरतात. म्हणजे पीक जितकं चांगलं तितका फोटो जाणं अवघड. दुष्काळात उघड्या रानातून फोटो झटकन जातो, पण फोटोत दाखवायला काही नसतं. तेव्हा दुकानात गेल्यावर ‘कोणत्या कंपनीचं नेट फास्ट आहे?’ हे विचारण्यात अर्थ नाही. ‘माझ्या गटापासून तुमचा टॉवर किती लांब आहे आणि तो कोणत्या पट्ट्यावर बोलतो?’ असं विचारायचं. मी सुप्याच्या बाजारात एका दुकानदाराला विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, कव्हर दाखवू का?”

पोर्ट मारणं हा आमच्याकडे आता रागाचा प्रकार झाला आहे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची मुभा देशभर २० जानेवारी २०११ ला मिळाली. १९०० ला मेसेज टाकायचा, आठ अक्षरांचा कोड येतो, तो घेऊन दुकानात जायचं. एकदा बदलली की ९० दिवस त्या कंपनीशी नांदावं लागतं, मगच पुढची. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा पारावर मोठी सभा झाली आणि निम्म्या गावानं सरकारी कंपनीत जायचं ठरवलं. काही गेले, काही राहिले, काही जाऊन आले. त्यात बीएसएनएलनं देशात तयार झालेलं ४जी उभं केलं आणि २७ सप्टेंबर २०२५ ला पंतप्रधानांनी ओडिशातल्या झारसुगुड्यात त्याचं उद्घाटन केलं. ही बातमी तात्यांनी लिंबाखाली दुसऱ्याच कंपनीच्या नेटवर पाहिली आणि पोर्ट मारायला निघाले. मी म्हटलं, तात्या, ९० दिवस झाले का? ते परत बसले.

दोन सिमचा फोन आला तेव्हा वाटलं होतं प्रश्न मिटला. एक टाकीवरचं, एक लिंबाखालचं. पण दोन्हीचा रिचार्ज मारायचा म्हणजे दोन म्हशींचा चारा एकीच्या दुधावर. त्यामुळे एका कार्डावर नेट आणि दुसऱ्यावर फक्त जुने नंबर जिवंत, अशी तडजोड घरोघर असते. आणि नेमक्या त्या दिवशी रोजचा दीड जीबी संपलेला असतो. तो कोणी संपवला याची चौकशी पिकाच्या नुकसानीच्या चौकशीपेक्षा जास्त वेळ चालते.

फोटो पाठवणारे काही एकटे शेतकरीच नाहीत. सरकारी नोकरीतला खेड्यातला प्रत्येक माणूस आता छायाचित्रकार आहे. ग्रामसेवक गटाराचा फोटो काढतो, गुरुजी खिचडीचा, अंगणवाडी सेविका वजनकाट्याचा, कृषी सहायक हुमणीचा. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी फोटोनं, दिवसातून दोनदा, जागेच्या खुणेसह. म्हणजे ज्या माणसानं खड्डा खणायचा तो सकाळी रांगेत उभा राहून फोटो देतो, मग खणतो, मग दुपारी हात झटकून परत फोटो देतो. नेट नसेल तर खड्डा असतो, मजूर असतो, घाम असतो, हजेरी नसते.

या सगळ्यांचं दैवत म्हणजे फोटोच्या खाली नकाशाचा तुकडा, पत्ता, तारीख आणि अक्षांश-रेखांश छापून देणारं अ‍ॅप. वरच्या साहेबांना असा फोटो आल्याशिवाय झाड लावलं यावर विश्वास बसत नाही. फोटो पाठवायचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि त्याच्या पोटात लपलेली जागेची माहिती काढून टाकतं. म्हणून तर ती माहिती फोटोवरच छापायची पद्धत पडली. लहान झालेल्या फोटोत अक्षर वाचता येत नाही, म्हणून साहेबांचा मेसेज येतो, ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की तीन-चार एमबी पूर्ण जायला लागतात, म्हणजे जात नाहीत. आमच्या शाळेच्या मागे भिंतीला टेकून अर्ध्या तालुक्याचे कर्मचारी उभे असतात, कारण तिथं शाळेमागची कंपनी मिळते. त्यामुळे पुष्कळ योजनांच्या फोटोत मागे एकच भिंत दिसते. ‘झाडे लावा’ हे तिच्यावर लिहिलेलं आहे म्हणून निभावतं.

पीकविम्याचं तर विचारू नका. परवापरवापर्यंत अट अशी होती की नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवा, फोटोसह. आता नुकसान कधी होतं? ढगफुटीसारखा पाऊस आला की. असा पाऊस आला की आधी वीज जाते. वीज गेली की टॉवर बॅटरीवर जातो. बॅटरी संपली की डिझेल, आणि डिझेल घेऊन येणारी गाडी ओढ्याच्या पलीकडे, कारण पूल पाण्याखाली. ७२ तासांचं घड्याळ मात्र बॅटरीवर नसतं, ते चालू राहतं. कांदा पाण्यात, शेतकरी पाण्यात आणि फोन डोक्यावर धरलेला, हे चित्र मी पाहिलं आहे. तो काढलेला फोटो नव्हता, त्यामुळे त्याची कुठं नोंद नाही.

लिहिता लिहिता आठवलं म्हणून सांगतो. महाराष्ट्राची पहिली एसटी १ जून १९४८ ला धावली ती पुणे ते अहमदनगर. लोक ती प्रवासाची सुरुवात म्हणून सांगतात. मी ती फोटो पाठवण्याची सुरुवात मानतो. तालुक्याचे वार्ताहर बातमीचं पाकीट आणि फिल्मचा रोल एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरकडे द्यायचे आणि पलीकडे स्टँडवर पेपरचा माणूस उभा असायचा. गाडीची वेळ ठरलेली. रोल भिजला नाही तर पोचायचा. कव्हरेज विचाराल तर डांबर असेल तिथपर्यंत. आणि मुख्य म्हणजे जाणारी आणि येणारी गाडी एकाच वेगानं धावायची.

पण या जिल्ह्यात रानातून माहिती पाठवण्याचं काम सगळ्यात चोख कोणी केलं असेल तर ते एका बिबट्यानं. २००९ मध्ये तो आमच्याच तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरकडे, विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गळ्यात पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडलं. पट्ट्यात जीपीएस होतं आणि मोबाईलचं सिमकार्ड. तो निघाला तो डोंगर, महामार्ग आणि वस्त्या ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला, आणि आपला ठावठिकाणा एसएमएसनं कळवत गेला. त्याचं नाव ‘आजोबा’, आणि २०१४ मध्ये त्याच्यावर त्याच नावाचा मराठी सिनेमाही आला.

मी या बिबट्याचा अभ्यास ग्राहक म्हणून केला आहे. त्यानं कोणतं कार्ड घेतलं होतं हे महत्त्वाचं नाही. त्यानं फोटो पाठवला नाही, चार आकडे पाठवले. एसएमएस हा फोन आणि टॉवर यांच्या आपसातल्या निरोपांच्या वाटेनं जातो, त्यामुळे जिथं फोटो अडकतो तिथून तो निसटतो. बिबट्या वाटेत डोंगर चढला. आणि तो बहुतेक रात्रीचा चालला, जेव्हा बाकी देश झोपलेला असतो आणि टॉवर मोकळा असतो.

हे मी तात्यांना सांगितलं. फोटोऐवजी आकडे पाठवणं सरकारला चालणार नव्हतं. उंचावर चढणं गुडघ्यांना चालणार नव्हतं. राहिली रात्र. आता महावितरणची कृपा अशी की शेतीपंपाला वीज कित्येक दिवस रात्रीचीच असते. पाणी धरायला तात्या रात्री दोनला रानात असतातच. दिवसा काढलेला फोटो अ‍ॅपमध्ये साठवून ठेवता येतो आणि रेंज मिळाल्यावर पाठवता येतो. तात्यांनी मोटर चालू केली, बारं फोडलं, बांधावर बसले, बटण दाबलं. गोल थोडं फिरलं आणि फोटो गेला. तात्या इतके खूश झाले की त्यांनी तिथूनच अण्णांना फोन लावला. अण्णाही पलीकडे पाणीच धरत होते. वाद बाजूला ठेवून तात्यांनी त्यांना युक्ती सांगितली. अण्णांनी भावकीला सांगितली, भावकीनं वाडीला, वाडीनं शेजारच्या गावाला. पीक पाहणीच्या मुदतीचा शेवटचा आठवडा होता.

आता रात्री दोनला सगळं शिवार जागं असतं. बांधाबांधावर उजेड दिसतो, मोटारींचा आवाज चालू असतो आणि कोणाचाही फोटो जात नाही. तात्यांनी म्हणे त्यानंतर आणखी एक वेळ शोधून काढली आहे. त्यांचा पुढचा फोटो गेला, सातबाऱ्यावर कांदाही चढला. ती वेळ कोणती, हे मी त्यांना विचारलं.

“तुला सांगितलं तर तू लिहिशील,” तात्या म्हणाले.